‘लँडस्केप’ या संज्ञेचा अर्थेतिहास आणि मराठी भूमिवाचक शब्द : शिरूर कासार परिसराच्या विशेष संदर्भात

सारांश

इंग्रजीतील ‘लँडस्केप’ या शब्दासाठी मराठी अध्यापनात व लेखनात ‘भूदृश्य’ ही संज्ञा रूढ झाली आहे. या संज्ञेत भूमी आहे आणि पाहणे आहे. परंतु मूळ शब्दात असलेला भूमिधारक समाज तीत नाही. प्रस्तुत लेखात ‘लँडस्केप’ या शब्दाच्या युरोपीय इतिहासाचा मागोवा घेऊन त्याचा जुना, सामाजिक अर्थ मराठीतील ‘देश’, ‘वतन’, ‘गावकी’, ‘पांढरी’ व ‘शिवार’ या शब्दांत कसा आढळतो, याची चर्चा केली आहे. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार परिसर हा या चर्चेचा आधार आहे.

बीजसंज्ञा : भूदृश्य, देश, शिवार, काळी-पांढरी, बालाघाट, गंगथडी, पोटखराब.

प्रस्तावना

इतिहासलेखनात भूमी ही बहुधा पार्श्वभूमी म्हणून येते. पहिल्या प्रकरणात डोंगर, नद्या, पर्जन्यमान यांचे वर्णन करावयाचे आणि पुढील प्रकरणांत राजवटी, लढाया व सनदा यांच्याकडे वळावयाचे, असा जिल्हा गॅझेटियरपासून चालत आलेला परिपाठ आहे. १९५५ मध्ये डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी इंग्लंडच्या भूमीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. कुंपण, पायवाट व शेताचा बांध हीदेखील इतिहासाची साधने आहेत, हे या ग्रंथाने अभ्यासकांच्या ध्यानात आणून दिले. त्यानंतर ‘लँडस्केप’ हा शब्द इतिहास, भूगोल, पुरातत्त्व व साहित्याभ्यास या सर्व शाखांत स्थिरावला.

मराठीत मात्र या एका शब्दाचे अनेक पर्याय झाले. चित्रकलेच्या वर्गात तो ‘निसर्गचित्र’ होतो, भूगोलाच्या वर्गात ‘भूदृश्य’ किंवा ‘भूप्रदेश’ होतो, बागेच्या आखणीत ‘लँडस्केपिंग’ असाच राहतो आणि संगणकावर तर केवळ आडव्या पानाचे नाव बनतो. पर्याय अनेक असणे हा दोष नव्हे. परंतु या पर्यायांपैकी बहुतेकांत भूमी ही बाहेरून पाहण्याची वस्तू ठरते. जी भूमी केवळ पाहिली जाते, तिच्यावर राहणाऱ्यांचे हक्क व श्रम सहज नजरेआड होतात. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात याचे परिणाम शब्दकोशापुरते मर्यादित राहत नाहीत.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) ‘लँडस्केप’ या शब्दाच्या अर्थांतराचा ऐतिहासिक क्रम मांडणे. २) या शब्दाच्या जुन्या अर्थाशी समांतर असणाऱ्या मराठी शब्दांचा शोध घेणे. ३) शिरूर कासार परिसराच्या आधारे ‘भूदृश्य’ या संज्ञेच्या मर्यादा तपासणे. यासाठी व्युत्पत्ती, कोश, मध्ययुगीन कागदपत्रांतील परिभाषा व महसुली शब्दावली यांचा तुलनात्मक विचार केला आहे.

१. युरोपीय शब्दाचा प्रवास

प्राचीन इंग्रजीत ‘लांडशिपे’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ प्रदेश किंवा भूभाग असा होता. पुढे तो प्रचारातून गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच भाषेतील ‘लांडस्खाप’ हा शब्द चित्रकारांच्या व्यवहारातून इंग्रजीत नव्याने आला. इटालियन लेखक लोमात्सो यांच्या चित्रकलाविषयक ग्रंथाचे रिचर्ड हेडॉक यांनी १५९८ मध्ये इंग्रजी भाषांतर केले. त्यात हा शब्द ‘लँडस्किप’ या रूपात आढळतो. तेथे त्याचा अर्थ भूप्रदेशाचे चित्र एवढाच होता. काही दशकांतच तो चित्रासारख्या दिसणाऱ्या प्रत्यक्ष देखाव्यालाही लावला जाऊ लागला. म्हणजे इंग्रजीत आधी चित्र आले आणि मागाहून भूमीकडे चित्राप्रमाणे पाहण्याची सवय लागली. इटलीतही असेच घडले. मार्कान्तोनियो मिकिएल यांनी १५३० मध्ये जॉर्जोने यांच्या ‘वादळ’ या चित्राची नोंद करताना त्याला ‘लहानसा प्रदेश’ या अर्थाच्या शब्दाने संबोधले आहे. प्रदेश आणि प्रदेशाचे चित्र यांना एकच नाव मिळाल्याचे हे उदाहरण होय.

परंतु डच ‘लांडस्खाप’ व जर्मन ‘लांडशाफ्ट’ हे शब्द चित्रकलेपेक्षा पुष्कळ जुने आहेत. त्यांतील उत्तरपद ‘स्खाप’ अथवा ‘शाफ्ट’ हे स्थिती, नाते किंवा समूह दर्शविणारा प्रत्यय आहे. इंग्रजीत मैत्री, नागरिकत्व इत्यादी अर्थांच्या शब्दांत येणारा ‘शिप’ हा त्याचाच भाऊ. मध्ययुगीन उत्तर युरोपात ‘लांडशाफ्ट’ म्हणजे स्वतःचा कायदा, रिवाज व सभा असणारा प्रदेश. तसेच त्या प्रदेशाचे प्रतिनिधी. उत्तर समुद्रकाठचा डिथमार्शन हा शेतकऱ्यांचा स्वायत्त प्रदेश याचे ठळक उदाहरण. १५०० मध्ये त्याने डेन्मार्कच्या राजाच्या सैन्याचा पराभव केला, आणि १५५९ मध्ये तो जिंकला गेला. केनेथ ओल्विग यांनी १९९६ मधील आपल्या निबंधात या जुन्या अर्थाकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वेधले.

त्यापूर्वी कार्ल सावर यांनी १९२५ मध्ये ‘सांस्कृतिक लँडस्केप’ ही कल्पना मांडली होती. निसर्ग हे माध्यम, संस्कृती ही कर्ती आणि घडलेला प्रदेश हे फलित, असे तिचे सूत्र होते. डेनिस कॉसग्रोव्ह यांनी १९८४ मध्ये निराळा मुद्दा उपस्थित केला. लँडस्केप ही पाहण्याची एक रीत आहे आणि ती जमिनीच्या बदलत्या मालकीबरोबर घडत आली, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्याच्याकडे मालकी आहे पण नांगर नाही, त्याला जमीन देखावा म्हणून दिसते. १९९२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत सांस्कृतिक लँडस्केपांना स्थान मिळाले, आणि २००० मध्ये फ्लॉरेन्स येथे झालेल्या युरोपीय करारात लोकांच्या जाणिवेला व्याख्येचाच भाग मानण्यात आले. चित्राच्या चौकटीत गेलेला शब्द अशा रीतीने पुन्हा माणसांकडे वळला.

२. मराठीतील भूमिवाचक शब्द

‘भूदृश्य’ हा शब्द भू व दृश्य या दोन पदांचा समास आहे. ‘दृश्य’ म्हटले की त्याच्यासमोर द्रष्टा उभा असतो. त्या दृष्टीने हा शब्द सतराव्या शतकातील इंग्रजी अर्थाचा नेमका प्रतिशब्द आहे. परंतु मूळ शब्दातील ‘स्खाप’ या प्रत्ययाला त्यात काहीच उत्तर नाही.

मराठीत या प्रत्ययाला समांतर ठरणारा प्रत्यय अगदी नित्याच्या वापरातला आहे. पाटीलकी, गावकी, भावकी, शेतकी या शब्दांतील ‘की’ पाहावा. ‘गावकी’ म्हणजे केवळ गाव नव्हे; गावाचा सामाईक कारभार आणि तो चालविणारी मंडळी. ‘भावकी’ म्हणजे भावांची संख्या नव्हे. वाटण्या, सुतक, मान आणि तंटे यांनी बांधलेले कुळ. भूमी या अर्थाच्या शब्दाला ‘की’ लावून जो अर्थ निघेल, तोच ‘लांडशाफ्ट’ या शब्दाचा जुना अर्थ होय.

‘देश’ या शब्दाचा इतिहासही असाच बोलका आहे. संस्कृत ‘दिश्’ म्हणजे दाखविणे, या धातूपासून तो आला. आयुर्वेदात देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार मानले आहेत. त्यांत जमीन, पाणी, वनस्पती, प्राणी व तेथील माणसांची प्रकृती या सर्वांचा एकत्र विचार आहे. ‘जांगल’ म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडीचा प्रदेश. याच शब्दाचे वंशज असलेले ‘जंगल’ मात्र पुढे दाट अरण्याचे नाव झाले आणि त्याच अर्थाने इंग्रजीत गेले. बालाघाटाचा माळ आयुर्वेदाच्या परिभाषेत जांगल ठरतो, आजच्या भाषेत त्याला जंगल कोणी म्हणणार नाही.

मराठीत ‘देश’ म्हणजे कोकणाहून वेगळा असा घाटावरील मुलूख. आणि त्याच वेळी वतनदारांच्या व्यवस्थेतील एक घटक. देशमुख, देशपांडे या पदनामांत तो उमटलेला आहे. परगण्यातील वतनाचे वा शिवेचे तंटे देशमुख, देशपांडे, गावोगावचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन व बलुतेदार यांच्या सभेपुढे येत. या सभेला गोतसभा आणि तिच्या निवाडपत्राला महजर म्हणत. महजरावर पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील १९५३ च्या ग्रंथात या सभांचा विस्तृत अभ्यास आहे. अवजारांच्या खुणांनी साक्षांकित झालेला हा कागद म्हणजे भूमी आणि समाज यांचा एकत्रित लेख होय. डिथमार्शनच्या सभेशी त्याची तुलना अनाठायी ठरू नये.

परभाषेतून आलेल्या शब्दांनीही मराठीत हेच वळण घेतले. अरबी ‘वतन’ म्हणजे मायभूमी; मराठीत तो सेवेच्या मोबदल्यात वंशपरंपरेने मिळालेला हक्क झाला. ‘मिरास’ म्हणजे वारसा. त्यावरून गावातील कायम हक्काचा शेतकरी मिरासदार आणि बाहेरून आलेला तो उपरी, असा भेद रूढ झाला. जमिनीचे नाव घेताच तिच्याशी कोणाचे काय नाते आहे हेही सांगण्याची या भाषेची प्रवृत्ती त्यावरून दिसते.

गावाच्या पातळीवर ‘काळी’ आणि ‘पांढरी’ ही जोडी विशेष लक्षात घ्यावी लागते. काळी म्हणजे कसणुकीची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि, विस्ताराने, गावचे रहिवासी. मातीच्या रंगावरून आलेले नाव माणसांच्या समूहाला लागावे, ही गोष्ट कोणत्याही देखाव्याच्या कल्पनेत बसत नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथातील ग्रामव्यवस्थेचे वर्णन वाचताना जमीन, बलुते व मान यांची ही गुंतागुंत पदोपदी जाणवते.

साहित्यातील साक्षही याच दिशेची आहे. गोदाकाठच्या प्रतिष्ठानशी, म्हणजे पैठणशी, निगडित असलेल्या ‘गाथासप्तशती’त नदीकाठ, शेते व ऋतू येतात, ते शेत राखणाऱ्या व वाट पाहणाऱ्या माणसांसह. महानुभावांची ‘स्थानपोथी’ तर स्थळवर्णनाचाच ग्रंथ आहे. गावाच्या कोणत्या बाजूस कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेस, चक्रधरांचे आसन कोठे आणि वसती कोठे, अशा नोंदी त्यात आहेत. देखाव्याच्या सौंदर्यापेक्षा कोण कोठे बसले, याला तेथे महत्त्व आहे. बीड जिल्ह्यातील गोदाकाठचे पांचाळेश्वर हे याच परंपरेतील एक प्रमुख तीर्थ होय.

३. शिरूर कासार : घाट, थडी आणि शिवार

शिरूर कासार हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण सिंदफणा नदीवर वसले आहे. सिंदफणा पाटोदा तालुक्यातील डोंगरात उगम पावते, शिरूर परिसरातून वाहत माजलगावकडे जाते आणि मंजरथजवळ गोदावरीस मिळते. बालाघाटाचा उंचवटा आणि गोदेचा सखल काठ यांना जोडणारी ही नदी आहे.

‘बालाघाट’ या नावात फारसी ‘बाला’ म्हणजे वरचा आणि मराठी ‘घाट’ यांचा संयोग आहे. त्याची जोडी ‘पायीनघाट’, म्हणजे घाटाखालचा मुलूख. बीड जिल्ह्याचे असे दोन नैसर्गिक विभाग मानण्याची प्रथा जुनी आहे. घाटाखालच्या गोदाकाठाला लोक ‘गंगथडी’ म्हणतात, कारण येथे गोदावरी हीच गंगा. वर-खाली ही विभागणी उंचीची आहे. पण ती पिकांची, सोयरिकींची आणि स्थलांतराचीही आहे. थडीला काळी कसदार जमीन, घाटावर हलकी मुरमाड. ‘घाटावरचा’ आणि ‘थडीचा’ हे शब्द माणसाला लावले जातात, ते याच कारणाने.

गावाचे नावही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे अनेक. म्हणून पुणे जिल्ह्यातील शिरूर घोडनदीच्या नावाने ओळखले जाते, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद आहेत, आणि बीड जिल्ह्यात शिरूर कासार. पुण्याकडील शिरूरला नदीने ओळख दिली. येथे ती एका कारागीर समाजाच्या नावाने झाली. ‘कासार’ हा शब्द ‘कांस्यकार’, म्हणजे काशाची भांडी घडविणारा, यावरून आला आहे. स्थळाचे नाव घेताना माणसांचा उल्लेख अपरिहार्य व्हावा, याचे हे घरचे उदाहरण आहे.

शिरूरच्या शेतकऱ्याच्या तोंडी भूमीसाठी जे शब्द आहेत, ते देखाव्याचे नसून व्यवहाराचे आहेत. माळ, बरड, चोपण, मळई, लवण, ओढा, बांध, पांद, गायरान, शीव. बरडात काय पिकते, चोपणात पाणी का साचते, पांदेवर कोणाचा हक्क, गायरानात कोणाची जनावरे, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच हे शब्द नीट वापरता येतात. या सर्वांना सामावून घेणारा शब्द ‘शिवार’. ‘शीव’ या शब्दाशी नाते सांगणारा हा शब्द गावच्या हद्दीतील शेतीचा अवघा पसारा दर्शवितो. शिवारात माणूस उभा राहून पाहत नाही. तो शिवारात जातो, राबतो आणि दिवेलागणीला परततो.

४. मोजणीची नजर

एकोणिसाव्या शतकात भूमीकडे पाहण्याची दुसरी रीत आली. तिच्या दोन वाटा होत्या. पहिली वाट चित्राची. वेरूळची लेणी जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यांनी १८०३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये छापील चित्रांच्या रूपात आणली. मराठवाड्याचा खडक त्या निमित्ताने दूरच्या दिवाणखान्यातील देखावा झाला. दुसरी वाट साखळीची. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूरपासून नवी पाहणी सुरू केली. मातीचा रंग व खोली पाहून प्रतवारी ठरली, शेताला नंबर मिळाला आणि आकार बसला.

शिरूर परिसराच्या दृष्टीने यातील एक बाब महत्त्वाची आहे. लगतचा पाथर्डी तालुका अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात, म्हणजे १८१८ नंतर ब्रिटिश अमलात. तर बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. एकाच डोंगररांगेच्या दोन अंगांना दोन सरकारांचे दप्तर लागले. पलीकडे मुंबई इलाख्याची पद्धत, अलीकडे फारसी व पुढे उर्दू कागद. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात आल्यावरही हा भेद लगेच मिटला नाही. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा व १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत आजही पुढे येतात. डोळ्यांना एकसंध दिसणारी ही रांग दप्तरात दुभंगलेली होती. केवळ दृश्य पाहून हा इतिहास कळणारा नाही.

मोजणीने ‘पोटखराब’ हा शब्दही पक्का केला. नंबरात असूनही लागवडीस निरुपयोगी ठरविलेला तुकडा म्हणजे पोटखराब. महसुलाच्या दृष्टीने तो खराब. पण तेथेच शेळ्या चरतात, तेथलेच गवत कापले जाते, तेथूनच सरपण येते. ‘पडीक’ या शब्दाचेही तसेच. एखाद्या जमिनीला पडीक म्हटले की ती रिकामी वाटते, आणि रिकाम्या जमिनीवर इतरांना योजना आखता येतात. बालाघाटाच्या माथ्यावर गेल्या काही वर्षांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांची उपयुक्तता हा स्वतंत्र विषय आहे. परंतु अशा प्रत्येक वेळी माळ रिकामा होता की वापरात, हा प्रश्न आधी शब्दात ठरतो आणि मग कागदावर.

‘दुष्काळी’ या विशेषणाचीही चिकित्सा व्हावयास हवी. दसऱ्यानंतर येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पौष-माघात आलेल्या पाहुण्याला बंद दारे आणि उघडा माळ दिसेल. त्याचे हे दृश्य खोटे नसते, पण ते अपुरे असते. या शिवाराचे श्रम त्या वेळी दुसऱ्याच्या शिवारात असतात.

५. पांढरीची मर्यादा

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या शब्दांत समाज आहे म्हणून तो समाज समतेचा होता, असे म्हणता येणार नाही. पांढरीच्या वेशीबाहेर महारवाडा व मांगवाडा होते. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. शीव कोठून जाते हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसे. तरी त्या शिवेच्या आतील त्याचा वाटा हाडकी-हाडोळ्यापुरता होता. या वतनाने माणूस गुलाम होतो हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक व गायरान जमिनींचा प्रश्न राज्यासमोर आणला. उत्तर युरोपातील सभाही जमीनधारकांच्याच होत्या, हे विसरता येत नाही. म्हणून ‘शिवार’ हा शब्द स्वीकारताना त्यातून कोणाला वगळले गेले, हा प्रश्न त्याच्यासोबतच स्वीकारावा लागेल. असा प्रश्न ‘शिवार’ या शब्दाला तरी विचारता येतो. ‘भूदृश्य’ या शब्दात माणूसच नसल्याने कोण वगळले गेले, हे विचारण्यास जागा उरत नाही.

निष्कर्ष

१) ‘लँडस्केप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक जुना, भूमी व तिच्यावरील हक्कदार समाजाचा. दुसरा नंतरचा, देखाव्याचा. मराठी ‘भूदृश्य’ हा केवळ दुसऱ्या अर्थाचा प्रतिशब्द आहे.

२) जुना अर्थ मराठीस परका नाही. देश, वतन, गावकी, पांढरी व शिवार या शब्दांत तो निरनिराळ्या अंगांनी उपस्थित आहे.

३) ‘भूदृश्य’ हा शब्द चित्रकला व दृश्य सौंदर्याच्या चर्चेत ठेवावा. स्थानिक इतिहासात गावाच्या पातळीवर ‘शिवार’ व प्रादेशिक पातळीवर ‘मुलूख’ हे शब्द वापरणे अधिक अर्थवाही ठरेल. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या जलसंधारण अभियानाला ‘जलयुक्त शिवार’ हे नाव देण्यात आले. शासनाच्या व्यवहारातही हा शब्द पेलतो, हे त्यावरून दिसते.

४) पडीक, पोटखराब, दुष्काळी ही विशेषणे वर्णनपर वाटली तरी ती निर्णयपर आहेत. इतिहासाच्या अध्यापकाने ती वापरताना कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने ती लावली, हे सांगणे आवश्यक आहे.

शिरूर कासारसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी बहुधा शिवारातून येतो. वर्गात मात्र त्याला त्याच्याच गावाचे भूदृश्य शिकविले जाते. बरड व चोपण यांतला फरक, शिवेचा दगड, पांदेचा वाद आणि गायरानाची गोष्ट हे त्याचे ज्ञान परीक्षेच्या कक्षेबाहेर राहते. प्रत्येक गावाच्या शिवारातील नावांची व त्यांमागील हक्कांची पद्धतशीर नोंद करणे हे महाविद्यालयीन इतिहास विभागांना सहज हाती घेता येईल असे काम आहे. शेतांचे नंबर बदलले, गट पडले, विहिरी बुजल्या. ज्यांना जुनी नावे मुखोद्गत आहेत ती पिढीही आता वृद्ध झाली आहे. ही नोंद आणखी लांबणीवर टाकण्यास फारसा अवधी उरलेला नाही.